मेणबत्ती नव्हती

कारखान्यातल्या बायकांनी मालकाचं नाव ठेवलं होतं गोडबोल्या. तो कुणावर कधी ओरडला नाही. पगार कापायचा तोसुद्धा पाठीवरून हात फिरवल्यासारख्या आवाजात, आणि कापून झाल्यावर वर विचारायचा, "घरी सगळे बरे ना?" दोघी बहिणींतली धाकटी तिथेच कामाला होती, ती म्हणायची, त्याच्या तोंडात साखर आहे आणि खिशात कात्री.

त्याच्या मागच्या शेडमध्ये चिकटवायचं सोल्युशन आणि ते पातळ करायचं थिनर बनायचं. पुढच्या शेडमध्ये त्याच सोल्युशननं बॅगा चिकटवल्या जायच्या. धाकटी पुढच्या शेडमध्ये होती. थिनर निळ्या डब्यांत यायचं आणि डब्यावर ठळक छापलेलं असायचं, 'सहज पेट घेत नाही'. एका खासगी प्रयोगशाळेचा तसा दाखला होता. बायका त्या थिनरनं हात धुवायच्या, टेबलं पुसायच्या, उघडे वाडगे पायाशी ठेवून काम करायच्या.

एका कडक उन्हाच्या दुपारी वर पत्रा तापलेला, धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. वीज गेली होती, ती परत आली. कुणीतरी उठून पंख्याचं बटण दाबलं. धाकटीला पुढचं एवढंच आठवतं की आग कुठून आली नाही, ती होतीच, सगळीकडे, जणू हवेनंच पेट घेतला.

तिच्या टेबलावरच्या दोघी गेल्या. धाकटी वाचली. दोन्ही हात, मान आणि एक कान यांच्यासकट वाचली असं मात्र म्हणता येणार नाही.

ती दवाखान्यात पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली असताना गोडबोल्यानं चौकशीत जबाब दिला. थिनर पेट घेणारं नाही, हा बघा दाखला. ही मुलगी नियम मोडून टेबलाखाली मेणबत्ती लावायची, नायलॉनच्या दोऱ्यांची टोकं जाळायला. आपण तिला कितीदा समजावलं. तरुण पोरगी आहे, तिला शिक्षा करू नका, तिला देवानंच शिक्षा केली. इतकं गोड बोलून त्यानं तिचा केसानं गळा कापला.

खरं म्हणजे दोऱ्यांची टोकं बाहेरच्या पडवीत जाळली जायची. आत काडेपेटी न्यायचीसुद्धा बंदी होती. पण हे सांगणाऱ्या दोघी गेल्या होत्या आणि उरलेल्या बायकांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. मेणबत्ती कागदावर आली आणि तिथेच राहिली. गेलेल्यांपैकी एकीची आई रस्त्यात धाकटी दिसली की थांबायची, तिच्याकडे टक लावून बघायची आणि मग रस्ता ओलांडायची. धाकटीनं तो रस्ता सोडला. मग हळूहळू सगळेच रस्ते सोडले.

थोरली बहीण सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होती. काम हेच: बाजारात येणारा रंग, थिनर, पॉलिश, फवारा किती अंशांना पेट घेतो ते तपासायचं. साठ अंशांच्या वर गेलं तर माल साध्या गोदामात ठेवता येतो, साध्या गाडीतून नेता येतो. खाली आलं तर वेगळं गोदाम, वेगळी गाडी, डब्यावर आगीचं चिन्ह, आणि जितकं खाली तितका जाच जास्त. व्यापाऱ्यांचा सगळा जीव त्या आकड्यात. बहिणीच्या बाबतीत तिला सगळ्यात जास्त काय खुपायचं, तर जगभराची थिनरं ती तपासत होती आणि धाकटीच्या पायाशी काय ठेवलंय ते तिनं एकदाही हुंगून बघितलं नव्हतं.

तिनं डूख धरला. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. सकाळी धाकटीच्या हातांना मलम लावायची, वाकलेली बोटं एकेक करून सरळ करायची, आणि प्रत्येक बोटागणिक मनात त्या माणसाचं नाव घ्यायची. लोक जप करतात तसं. धाकटी कधी कळवळली तर म्हणायची, "अगं, बोट माझं आहे, त्याचं नाही. जरा हळू."

सहा वर्षांनी नियम बदलला. खासगी दाखले रद्द झाले आणि प्रत्येक थिनर सरकारी प्रयोगशाळेतून नव्यानं तपासून घेणं सक्तीचं झालं. एका सकाळी थोरलीच्या टेबलावर नमुन्यांच्या रांगेत तोच निळा डबा येऊन बसला.

तिनं खुर्ची ओढली आणि काही वेळ नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग नेहमीसारखं काम सुरू केलं. पितळेचा छोटा कप, त्यात खुणेपर्यंत थिनर, वर घट्ट झाकण. झाकणाला एक बारीक झडप. खालून कप हळूहळू तापवायचा, आणि दर अंशाला झडप उघडून वाटाण्याएवढी ज्योत आत डोकावू द्यायची. आतली वाफ पुरेशी झाली असेल तर पृष्ठभागावरून एक निळी झुळूक पळते, 'फक्' असा आवाज होतो आणि संपतं. तोच आकडा.

तीस अंश. झडप उघडली, काही नाही. पस्तीस. चाळीस. थोरली आयुष्यात पहिल्यांदा आग लागावी म्हणून वाट बघत होती. लाग, ती मनात म्हणाली. लाग की. पन्नास गेलं, साठ गेलं. चौसष्टला निळी झुळूक पळाली. पास.

तिनं कप धुतला, पुसला, पुन्हा भरला. पुन्हा चौसष्ट.

तिनं एक थेंब काचेवर टाकला आणि चहा घ्यायला गेली. परत आली तरी थेंब काचेवर तसाच होता. तेव्हा तिला सगळं उमगलं. चिकटवणीचं थिनर असं बसून राहत नाही. ते फुंकर मारायच्या आत उडून जातं, नाहीतर ते थिनर कसलं. डबा आठवडाभर उघडा ठेवून हलका, पेट घेणारा भाग उडवून लावला होता आणि खालचा गाळ तिच्याकडे पाठवला होता. सहा वर्षांपूर्वीचा दाखलाही असाच मिळवलेला असणार. पण हे तिला कळून काय उपयोग? तिच्यापुढे ठेवलेला नमुना चौसष्टचाच होता.

फळीवर हलक्या पेट्रोलियमची बाटली होती. कप धुवायला वापरायचे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थोरलीनं ड्रॉपर भरला आणि कपात चार थेंब टाकले.

सत्तावीस अंशांना 'फक्' झालं. आवाज एवढासा, पण तिच्या अंगावर काटा आला. तो काटा आनंदाचा होता. तिनं डब्याला बांधलेल्या नमुन्याच्या तिकिटामागे सत्तावीस लिहिलं, ते पर्समध्ये टाकलं आणि घरी निघाली. अहवाल उद्या टाईप करायचा होता.

धाकटी खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. हातांना व्यायाम म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं. थोरलीनं तिला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. "काट्यानं काटा काढला मी. आता त्याचा परवाना जातो, गोदामाला टाळं लागतं. बघच तू."

धाकटीनं एक शेंग सोलली. "थेंब टाकायच्या आधी काय आलं होतं?"

"ते जाऊ दे ना."

"काय आलं होतं, ताई?"

"चौसष्ट."

"म्हणजे तो पास आहे."

"तो पास नाही गं. त्यानं नमुना उडवून पाठवलाय. मला माहितीये."

"तुला माहितीये," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे मेणबत्ती नव्हती, हे मलाही माहितीये. काय झालं त्याचं?" तिनं मटारची वाटी बाजूला सारली. "तो उद्या तोच डबा दुसऱ्या सरकारी प्रयोगशाळेतून तपासून आणेल. पास होईल. मग सगळे विचारतील, नापास कुणी केलं? त्या जळलेल्या पोरीच्या बहिणीनं. बस. आधी मी दोघींना मारलं, आता माझी बहीण एका सज्जन माणसाला मारायला निघाली. तू त्याच्या हातात दुसरी मेणबत्ती देतेयस."

धाकटी काही माफबिफ करायला सांगत नव्हती, हे थोरलीला कळत होतं. उलट, एवढा राग तिनं धाकटीच्या चेहऱ्यावर दवाखान्यातही पाहिला नव्हता.

"मला तो हवाय," धाकटी म्हणाली. "पुरता हवाय. असा अर्धामुर्धा नको."

दुसऱ्या दिवशी थोरली साहेबांच्या खोलीत गेली. साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख होते. निवृत्तीला आलेले, कोरडे, आणि विनोद करतानाही न हसणारे. थोरलीनं उभ्या उभ्या सांगितलं. हा माल कुणाचा, भाजलेली मुलगी तिची कोण, नमुना चौसष्टला आला पण तो उडवलेला वाटतो. आणि थेंबांचंही सांगितलं. तिकीट टेबलावर ठेवलं.

साहेबांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "हे मी ऐकलं नाही असं म्हणणार नाही. ऐकलंय. तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल."

"हो."

"आणि आजपासून या डब्याला तुम्ही हात लावायचा नाही. हे बघा बाई, माणसानं रागवावं. मलाही बायको रोज रागावते. पण कपातल्या आकड्यानं रागवायचं नसतं."

थोरलीला वाटलं संपलं. पण साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "थेंब खरंच सुकला नाही?"

"चहा पिऊन आले तरी नाही."

"मग त्यानं पाठवलेला नमुना आपण कशाला तपासतोय? गिऱ्हाईक जे विकत घेतं ते तपासू." त्यांनी फोन उचलला आणि निरीक्षकाला बोलावून घेतलं.

निरीक्षकानं वेगवेगळ्या भागांतल्या तीन दुकानांतून कारखान्याचं सील असलेले तीन डबे उचलले, दुकानदारांच्या सह्या घेतल्या आणि मालकाला बोलावणं धाडलं: तुमच्यासमोर डबे उघडणार आहोत, हजर राहा. साहेबांनी थोरलीला सांगितलं, "तुम्ही काचेपलीकडे उभं राहायचं. बहिणीला यायचं असेल तर येऊ दे. खोली माझी आहे."

सहा वर्षांत धाकटी एवढ्या लोकांत आली नव्हती. येताना तिनं मानेभोवती ओढणी घेतली होती. प्रयोगशाळेच्या दारात ती काढून तिनं पिशवीत ठेवली.

गोडबोल्या वेळेवर आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, हसू तेच. त्यानं निरीक्षकाच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, साहेबांच्या तब्येतीची केली, आणि मग त्याची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली. क्षणभर तो अडखळला.

"अगं, तू? कशी आहेस बाळ?"

"बरी आहे, काका," धाकटी म्हणाली. तितकंच गोड.

साहेबांनी पहिल्या डब्याचं सील सगळ्यांना दाखवून तोडलं. झाकण उघडताच वास काचेपलीकडे थोरलीपर्यंत आला. गोडसर, डोक्यात जाणारा. कधीकाळी धाकटी कामावरून आली की तिच्या केसांना यायचा तोच. साहेबांनी थिनर आधी बर्फात थंड केलं, मग कपात ओतलं. पाच अंशांना ज्योत आत डोकावली, काही नाही. सहा, सात, आठ. गोडबोल्या घड्याळाकडे बघत होता. अकराला निळी झुळूक कपभर पळाली. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. या कपातल्या आगीलाही फारसा नसतो. पण खोलीतल्या प्रत्येकाला तो ऐकू आला.

"दुकानदारानं भेसळ केली," गोडबोल्या लगेच म्हणाला. "हल्ली कुणाचा भरवसा राहिलाय का, साहेब?"

"असेल," साहेब म्हणाले आणि दुसरा डबा उघडला. अकरा. मग तिसरा. बारा.

"तीन दुकानदार," साहेब म्हणाले, "एकमेकांना न ओळखणारे, तुमचं सील न फोडता, एकाच मापानं भेसळ करतात. अशी शिस्त आमच्या कचेरीत असती तर." ते हसले नाहीत. "याचा अर्थ कळतो ना? खोलीत साधारण ऊब असली तरी हे पेटण्याइतकी वाफ सोडतंय. बंद शेडमध्ये, तापल्या पत्र्याखाली, ज्योत वगैरे लागतच नाही. पंख्याच्या बटणातली ठिणगी पुरते."

गोडबोल्यानं रुमाल काढला. आता तो साहेबांकडे बघत नव्हता. त्याचं लक्ष धाकटीकडे होतं, आणि थोरलीला काचेतून दिसत होतं की तो हिशोब मांडतोय: या खोलीत आपल्या बाजूला कोण वळू शकतं?

धाकटी उठून त्याच्याजवळ गेली. "काका, मला काही भांडायचं नाही. झालं ते झालं. माझे हात काही परत येणार नाहीत." तिनं हात पुढे केले, जणू त्याला भेट द्यायला आणलेत. "फक्त रात्री झोप लागत नाही हो. मलाच वाटायला लागलंय, मी खरंच मेणबत्ती लावली होती का? तुम्ही बघितली होती ना? तेवढं सांगा म्हणजे मन शांत होईल."

थोरलीला माहीत होतं, धाकटीला त्या दुपारचा कण न् कण आठवतो.

गोडबोल्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे भाव आले. हे काम त्याचं होतं, यात तो तरबेज होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं बाळ, कशाला मनाला लावून घेतेस? मी कुठे बघितली होती? मी त्या दिवशी शहरातच नव्हतो. वकील म्हणाला, काहीतरी कारण दाखवावं लागतं, नाहीतर कारखाना बंद पडेल, सगळ्यांची पोटं आहेत. म्हणून तसं लिहून दिलं. तुझ्यावर राग थोडाच होता माझा?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते गोडबोल्याच्या स्वतःच्या कानांवर पोचलं, तसा त्याचा हात तिच्या खांद्यावरून आपोआप खाली आला.

"झाली बरं का शांत मी, काका," धाकटी म्हणाली. मग निरीक्षकाकडे वळली. "ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," निरीक्षक म्हणाला. "आम्ही दोघांनीही."

"तिघांनी," काचेपलीकडून थोरली पुटपुटली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिला फरक पडत नव्हता.

कारखान्याला त्याच आठवड्यात टाळं लागलं. चौकशी पुन्हा उघडली. पुढच्या शेडमधल्या बायकांचं काम गेलं आणि त्यांतल्या दोघी-तिघी घरी येऊन थोरलीला वाट्टेल ते बोलून गेल्या. आमच्या ताटात माती कालवलीस, असं एक म्हणाली. थोरलीनं ते ऐकून घेतलं. पण काहींनी साक्षीही दिल्या. आता कामाची भीती उरली नव्हती. पडवीत टोकं कुठे जाळायची, काडेपेटी दारावर कोण काढून घ्यायचं, सगळं सांगितलं.

खटला उभा राहायच्या आधी गोडबोल्या एकदा त्यांच्या दारी आला. भर दुपारची वेळ होती. धाकटीनं दार उघडलं पण साखळी काढली नाही.

"बाळ, दोन मिनिटं आत येऊ दे. म्हातारा माणूस आहे मी."

"बोला इथूनच."

तो बोलला. बायकोच्या आजारपणाचं बोलला, मुलीच्या लग्नाचं बोलला. त्या दिवशी आपण तिला धीर द्यायला तसं म्हणालो, खरं म्हणून नव्हे, एवढं तिनं कोर्टात सांगावं. आतून थोरली ऐकत होती. तिला वाटत होतं पुढे व्हावं आणि त्याच्या थोबाडात मारावी. धाकटीनं मात्र त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही. "हं," म्हणत राहिली, "पुढे?" म्हणत राहिली. त्याचा सदरा घामानं भिजला, आवाजातली साखर संपली आणि खाली खरखरीत काहीतरी लागलं. शेवटी तो सरळ गयावया करायला लागला. तेव्हा ती म्हणाली, "झालं सगळं सांगून?"

"झालं."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"मग एवढं कशाला ऐकत बसलीस?" थोरलीनं विचारलं.

"मजा आली," धाकटी म्हणाली.

खटला लांबला. दोघी प्रत्येक तारखेला गेल्या. एकदा त्या गेलेल्या मुलीची आई, धाकटीला बघून रस्ता ओलांडणारी, उशिरा आली. बसायला जागा नव्हती. धाकटीनं पिशवी मांडीवर घेतली. म्हातारी तिच्या शेजारी बसली. कामकाज संपेपर्यंत उठून गेली नाही.

गोडबोल्याला सात वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश वाचत असताना थोरली त्याचा चेहरा बघत होती. इतकी वर्षं तिनं हा क्षण मनात रंगवला होता. त्यात तो नेहमी मोठ्यानं रडायचा. प्रत्यक्षात तो फक्त आपल्या चपलांकडे बघत राहिला, आणि पोलिसानं दंडाला धरल्यावर सवयीनं त्याला म्हणाला, "हळू हं, दादा."

बाहेर पायऱ्यांवर साहेब भेटले. ते आता निवृत्त झाले होते, मुद्दाम आले होते. थोरलीची नोंद सेवापुस्तकात तशीच होती, तिची बढती त्यापायी मागे पडली होती.

"काय, झालं का समाधान?" त्यांनी विचारलं.

थोरलीनं खरोखर विचार करून बघितला. दोन पोरी परत आल्या नव्हत्या. सकाळी बोटं सरळ करायचीच होती. सात वर्षांनी तो बाहेर येणार होता आणि कुणाची तरी विचारपूस करणार होता.

"नाही," ती म्हणाली. "शिक्षा कमी पडली."

साहेबांनी मान हलवली. धाकटी तोवर रस्त्याच्या कडेला जाऊन रिक्षा थांबवत होती, उघड्या हातानं, सगळ्या वाहतुकीला दिसेल असा तो उंच धरून.